फ्लॉपीवरची होडी

बोईसरला आमच्या घराच्या पुढच्या खोलीत मी टायपिंगची कामं घ्यायचे, तेव्हाची ही गोष्ट. नव्वदीची मधली वर्षं असतील. कॉम्प्युटर कुणीतरी वापरून काढलेला, जुना. मी त्यावर शिकले ती बघून-बघून, चुकत-चुकत. कोर्सबिर्स काही नाही. शाळेच्या प्रश्नपत्रिका, लग्नपत्रिकांचे मजकूर, कारखान्यांची पत्रं, असं काम यायचं. टायपिंग हाताला लवकर बसलं. मशीन धड ठेवणं मात्र जड गेलं.

त्यात उपयोगी पडली एक फ्लॉपी. तारापूरच्या कॉलनीतले एक इंजिनिअर माझ्याकडे कागद टाइप करून घ्यायला यायचे, त्यांनी ती दिली. तिच्यावर चारपाच छोटे प्रोग्रॅम होते. एक डिस्कचे खराब भाग शोधून बाजूला काढायचा. एक विखुरलेल्या फायली एका जागी आणायचा. तो चालू असला की पडद्यावर रंगीत चौकोन सरकत राहायचे, आणि शेजारच्या बायका भाजी निवडता निवडता ते बघत बसायच्या. एक मोठी फाइल दाबून लहान करायचा. आणि एक व्हायरस शोधून साफ करायचा. सगळे फुकट. मला ते खरंच वाटेना. पण प्रत्येकासोबत लिहिणाऱ्याने चार ओळी ठेवल्या होत्या, त्यांचा अर्थ इंजिनिअरांनी सांगितला: वापरा, दुसऱ्याला द्या, विकू नका. लांबच्या देशातला कोणी माणूस, ना ओळख ना पाळख. मग मीही ती फ्लॉपी मागेल त्याला देत गेले.

एक गोष्ट मात्र त्यांनी बजावली होती. फ्लॉपीच्या कोपऱ्यात एक सरकता खटका असतो. भोक उघडं राहील असा तो ठेवला की फ्लॉपी नुसती वाचली जाते, तिच्यावर काही लिहिलं जात नाही. ते भोक झाकायचं नाही.

माझी एक मैत्रीण होती, एडवणकडची, मच्छीमारांच्या घरातली. तिथल्या सोसायटीत कारकून. बोटींच्या डिझेलचा आणि बर्फाचा हिशोब ठेवायला सोसायटीने कॉम्प्युटर घेतला आणि तो हिच्या ताब्यात दिला. शिकली ती माझ्याकडेच, एस.टी.ने येऊन-जाऊन. आणि एक दिवस तिच्या पडद्यावरची अक्षरं घरंगळायला लागली. मासळी साफ करताना खवले पडावेत तशी खाली पडून तळाशी ढीग व्हायचा. चेअरमन म्हणाले, महिन्याच्या मीटिंगपर्यंत नीट झालं नाही तर मशीन खोक्यात घाला, पुन्हा हाताने लिहू. हाताने लिहायला त्यांचा पुतण्या तयारच बसला होता. म्हणजे मशीन गेलं की हिची खुर्चीही जाणार.

हे काम व्हायरसचंच, म्हणून ती येऊन फ्लॉपी घेऊन गेली. मी सगळं समजावलं, खटक्याचंही सांगितलं. तिने मान हलवली.

काही दिवसांनी परत द्यायला आली तेव्हा खुशीत होती. अक्षरं जागेवर उभी आहेत म्हणाली, आणि जाता जाता, आत बघा जरा, असंही. बघितलं तर एक नवी फाइल. रेघा, टिंबं आणि फुल्या जुळवून तिने होडी काढली होती. शिड, वर बावटा, खाली पाण्याच्या लाटा, आणि कोपऱ्यात "ताईला". मला फार छान वाटलं. त्याच खुशीत मी त्या फ्लॉपीवरून चौकोनांचा प्रोग्रॅम चालवला, मशीन जरा आवरून घ्यावं म्हणून.

दुसऱ्या दिवशी सातवीचा इतिहास टाइप करताना माझीच अक्षरं खाली यायला लागली.

फ्लॉपी काढून खटका बघितला. भोक झाकलेलं. होडी चढवायला तिने ते झाकलं, तेव्हा तिचं मशीन आजारीच होतं, आणि फ्लॉपीवरचे प्रोग्रॅमच बाधले. औषधाच्या बाटलीतच रोग गेला. त्याच औषधाने तिने मशीन साफ केलेलं, म्हणजे तिच्याकडेही तो परत डोकं वर काढणार. आणि मीटिंग दोन दिवसांवर.

इंजिनिअरांकडून चांगली प्रत करून आणली, आधी माझं मशीन साफ केलं आणि एस.टी.ने एडवण गाठलं. तिच्या पडद्यावर अजून काही पडलं नव्हतं. मी काय झालं ते सांगितलं. ती म्हणाली, "ताई, रिकामी कशी देऊ? शेजारणीचा टोप बी आमी रिकामा नाय देत."

आमच्याकडेही वाटी परत करताना तिच्यात साखरेचे दाणे तरी घालतात.

"अगं, ती भरलेलीच आली होती," मी म्हटलं. "तू घेतलंस, तरी तिच्यातलं सगळं तिच्यातच आहे."

"घेतलं तरी कमी नाय होत?"

"नाही."

"असा कसला टोप?" तिला काही ते पटलं नाही.

मशीन बंद केलं, भोक उघडं असलेली फ्लॉपी घातली आणि तिच्यावरूनच चालू केलं. तिला मीटिंगइतकीच होडीची काळजी. होडी बुडंल काय, विचारत होती. ती नुसती अक्षरांची आहे, तिला हा रोग लागत नाही, असं सांगितल्यावर खुर्चीत नीट बसली. प्रोग्रॅमने दबा धरून बसलेलं होतं ते शोधून काढलं. फ्लॉपी मीटिंग होईपर्यंत मी तिच्याकडेच ठेवली.

मीटिंगचं तिने नंतर सांगितलं. चेअरमननी स्वतःच्या बोटीच्या डिझेलचा हिशोब मागितला. हिने छापून दिला. त्यांनी तो वरून खालपर्यंत वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि पुढच्या विषयाकडे वळले. पुतण्याचं नाव कुणी काढलं नाही.

फ्लॉपी परत आली ती प्लॅस्टिकच्या पिशवीतून. भोक उघडं, आणि पिशवीत सोबत सुके बोंबील.

पुढे ती फ्लॉपी बोईसरात पुष्कळ घरी फिरली. नेणारे ती नाकाशी धरून विचारायचे, हा वास कसला. मी म्हणायचे, भोक तेवढं झाकू नका. काही द्यायचंच असेल तर पिशवीत घाला.