झुलालनाना आणि मेलेली टाकी

झुलालनाना मूळचे सोनगीरचे. तरुणपणी कापसाच्या जिनिंगमध्ये मोटारी दुरुस्त करायचे. जिनिंग बंद पडलं, तेव्हा आमच्या नगरपालिकेच्या सांडपाणी केंद्रावर लागले. सगळ्या शहराचं गटारीचं पाणी तिथे येतं, साफ होतं आणि नाल्यात सोडलं जातं. नानांनी हे काम जीव लावून केलं, पण त्याबद्दल कधी कुणाशी बोलले नाहीत. पाहुण्यांनी विचारलं तर म्हणायचे, ‘पालिकेत आहे.’

केंद्राला लागून वच्छलाबाईंची लिंबाची बाग. विहीर आटली तरी गटारीचं पाणी झाडाला लावणार नाही, असं त्यांनी नानांना तोंडावर सांगितलं होतं. त्यावर नाना नुसते हसले होते.

मग एका मे महिन्यात वादळ आलं आणि विजेचे खांब आडवे झाले. जनरेटरही सुरू होईना. मोठ्या टाकीत डोळ्यांना न दिसणारे जिवाणू असतात. घाण तेच खातात, पण त्यांना सतत हवा लागते आणि ती विजेवरच्या यंत्रानेच पाण्यात सोडली जाते. वीज आली तोवर पाणी काळं पडलं होतं आणि वास पार वस्तीपर्यंत पोचला होता.

दिपमाला मॅडम, पालिकेच्या इंजिनिअर, धावत आल्या. जळगावहून जिवंत, म्हणजे असे जिवाणू असलेल्या गाळाचा टँकर मागवला आहे, पण तो येईतोवर ताजं शेण आणि गूळ कालवून टाकीत घाला, नवे जीव धरतील, असं त्यांनी समजावलं.

गूळ बाजारात मिळाला. शेण मात्र दारोदार मागायला हवं होतं. ज्या माणसाने शेजाऱ्याकडे कधी विरजणसुद्धा मागितलं नव्हतं, तो घमेलं घेऊन निघाला. पहिल्या दारातून तो न मागताच परतला. दुसऱ्या दारात लोक हसले. तिसरं दार वच्छलाबाईंचं होतं. आता बोलणी खायची, असं धरूनच नाना उभे राहिले आणि प्रथमच कुणाला तरी नीट सांगू लागले, की टाकीत जीव असतात, ते उपासमारीने नाही, गुदमरून मेले, आणि नवे आणायचे आहेत.

बाई ऐकत राहिल्या. मग गोठ्यातल्या सगळ्या शेणाकडे हात करून म्हणाल्या, “बठ्ठं लई जा, नाना. जीव शे तो, त्याले मरू देवानं नही.”

एवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. बैलगाडी जुंपून त्यांनी सगळ्या आळीतलं शेण गोळा केलं आणि टाकीच्या कठड्याशी उभं राहून कालवून घेतलं. नानांना त्या दिवशी जेवण सुचलं नाही. पुढे टँकरही आला. हळूहळू पाण्याचा रंग काळ्याचा तपकिरी झाला आणि एका सकाळी टाकीला ओल्या मातीसारखा वास आला. नाना कठड्यावर बसून राहिले. त्यांनी बाहीने डोळे पुसले.

पुढच्या उन्हाळ्यात विहीर आटली, तेव्हा वच्छलाबाईंनी स्वतःहून नाल्यातल्या केंद्राच्या पाण्यावर मोटार बसवली. बाग टिकली. पहिल्या तोड्याची पिशवीभर लिंबं त्यांनी नानांकडे पाठवली. नानांच्या बायकोने, मंजुळाबाईंनी, ती दोनदा धुतली, जरा वेळ तशीच पाहिली आणि लोणचं घातलं. एक बरणी मॅडमकडे गेली.