शेंदराचे अंगठे

सरकारी डॉक्टरांनी वहिनीचा वरचा ओठ पेन्सिलीनं उचलला. बोट लावलं नाही. बैल विकत घेणारा निदान हातानं जबडा उघडतो.

हिरड्यांवर, दातांच्या कडेनं, निळसर काळी रेघ होती. भट्टीवर काम करणाऱ्या आम्हा सगळ्याजणींना होती.

“मिसरी लावते,” डॉक्टर कारकुनाला म्हणाले. “लिहा. अस्वच्छता.”

“मी मिसरी नही लावस, साहेब,” वहिनी म्हणाली.

“तुला विचारलं का?”

पेन्सिल रुमालाला पुसली आणि पुढची बाई बोलावली. माझ्या भावाची ही बायको. तिला पाचवा महिना होता. मान खाली घालून ती माझ्याशेजारी येऊन उभी राहिली.

नंदुरबारच्या बाहेर ही शेंदराची भट्टी. शिसं वितळवायचं, भाजून भाजून लाल करायचं, दळायचं, हे पुरुषांचं काम. दळलेला शेंदूर फडक्यातून चाळायचा, हे आमचं. तोंडाला पदर बांधला तरी थुंकी लाल. घरी भाकरी थापली की तिच्यावर बोटं उमटायची. पोटात पीळ पडायचे. एकीची मनगटं लोंबायला लागली, तिला पीठ मळता येईना. आणि पोटुशी बाई चाळणीवर बसली की पोट टिकायचं नाही. वहिनीची तीन गेली. दोन अर्ध्यात. एक पुऱ्या दिवसांचं, पण ते रडलंच नाही.

दर वेळी भट्टीच्या मालकाच्या घरून एक पुडी यायची. शेंदराची. फुकट. शेठाणीचा निरोप असायचा, “देवले लाई दे. पुढलं जगी.” वहिनी पुडी कपाळाला लावायची आणि प्रकाशा गावी तापीकाठी जाऊन देवाला शेंदूर चोपडायची. ज्या शेंदरानं पोर नेलं त्याच्याच हवाल्यावर दुसरं पोर मागायचं. मी तिच्याबरोबर गेले आहे. मीही हात जोडले आहेत. ते लपवत नाही.

मग मी सरकारला अर्ज लिहिला. मराठी सातवी पास होते, मजुरांच्या सभेची पत्रकं वाचून वाचून अशी भाषा हाताला बसली होती. मागणी दोनच. चाळणीच्या धुळीनं पोरं जातात की नाही, ते तपासा. आणि तपास होईपर्यंत पोटुशी बाईला चाळणीवरून उठवून दुसरं काम द्या.

तपास झाला तो असा. अकरा बायका, एक पेन्सिल. कुणाची किती गेली, कितव्या महिन्यात, तेव्हा ती चाळणीवर होती का, एकही प्रश्न नाही. शेठच्या ओसरीवर चहा झाला. कागद तयार झाला. आणि मला हाक मारली.

“तू शिकलेली ना?” डॉक्टर म्हणाले. “हे यांना यांच्या बोलीत सांग. मग अंगठे घे.”

कारकून शाईची डबी शोधू लागला. शेठ हसले. “शाई कशाला? यांचे अंगठे लालच आहेत.”

डॉक्टरही हसले. वहिनीनं अंगठा मुठीत घेतला.

मी कागद वाचला. गर्भ जाण्याचं कारण अस्वच्छता आणि अडाणीपणा. शेंदराचा संबंध आढळत नाही. कामकरी स्त्रियांची तक्रार नाही. माझ्याच अर्जानं हे आणलं होतं, आणि माझ्याच तोंडून ते वदवून घ्यायचं होतं.

मी बायकांकडे वळले. “आठे लिखेल शे, आपला पोरं आपली घाणमुये मरतस. शेंदूरनी काही चूक नही.”

मग वहिनी, तीही खालच्या मानेनंच, म्हणाली, “मंग शेठनी सून धानोराले काबर जास?”



शेठच्या सुनेला दिवस गेले की दुसऱ्या महिन्यातच गाडी जुंपून तिला धानोऱ्याला, माहेरी पाठवायचे. भट्टीची धूळ पोटुशीला बरी नाही, असं शेठाणी आमच्यादेखत म्हणायची. दोन्ही नातू ठणठणीत. त्या गाडीला वाट द्यायला आम्ही चाळण्या बाजूला सरकवायचो आणि पुन्हा चाळायला बसायचो. कानांनी ऐकत होतो. डोक्यात शिरत नव्हतं.

बायकांना सांगायचं काम मला दिलं होतं. मी साहेबांना सांगितलं, त्यांच्याच शुद्ध मराठीत. “ही विचारते, शेठांची सून दर खेपेला धानोऱ्याला का जाते? तेही लिहा.”



“घरच्या बायकांचं नाव काढतेस?” शेठ म्हणाले. “लाज आहे का?”

“आमच्या बायकांचे ओठ पेन्सिलीनं उचलले. तेव्हा नव्हती का?”

कागद मी कारकुनापुढे ठेवला. “मी अंगठे घेणार नाही.”

“तू न घेऊन काय होणार? कागद जाणारच,” डॉक्टर म्हणाले.

“जाऊ द्या. माझ्या हातून जाणार नाही.”

कागद गेलाच. सात जणींनी अंगठे दिले. त्यांना मी दोष देत नाही, चूल त्यांचीही आहे. आम्ही चौघी अंगठा न देता भट्टी सोडून बाहेर पडलो.

वहिनीला आठव्या महिन्यात मुलगा झाला. नऊ दिवस जगला. दहाव्या दिवशी पुडी आली, नेहमीसारखी. वहिनीनं सवयीनं हात पुढे केला. मी आधी घेतली.

“दे व माय. देवनी शे.”

“देवनी नही, वहिनी. भट्टीनी शे.”

तिनं हात मागे घेतला.

आता मी घरोघर जाते. वहीत लिहिते. कोण बाई, किती महिने चाळणीवर, पोटाचं काय झालं. भट्टी सोडून मिरचीचे देठ खुडायला गेलेल्यांचंही लिहिते, नाहीतर माझी वही डॉक्टरांच्या कागदासारखीच एकतर्फी होईल. भट्टी सोडलेल्यांतल्या एकीची पोर आता चालते. एका पोरीवरून काही सिद्ध होत नाही, हे मला कळतं. म्हणून एकही घर सोडत नाही. पहिलं पान वहिनीचं. शेठच्या सुनेसाठीही एक पान कोरं ठेवलं आहे. ते मी भरणार आहे.

पुडी अजून फोडलेली नाही. पुढचा डॉक्टर येईल तेव्हा त्याच्या टेबलावर फोडीन. पेन्सिल ठेवा, आधी बोट यात घाला, म्हणेन. मग आमच्या ओठाला लावा.