आमच्या कूलरने खाल्लेलं तिरामिसू

आमच्या घरात इटलीचं तिरामिसू सर्वांत आधी कूलरने खाल्लं.

त्यानंतर ते थोडंथोडं सगळ्यांच्या वाट्याला आलं. कोणाला मिशीवर, कोणाला टोपीवर, आणि जावईबापूंना (मान मोठा ना!) नखशिखांत.

परवा माझी नात पुण्याहून आली आणि फ्रिजमधून लिंबाएवढे गोळे काढून म्हणाली, "आजी, तिरामिसूचे बाइट्स! भट्टीत भाजावंच लागत नाही!" मी म्हटलं, "बाळा, वैशाखात जळगावचं घर म्हणजेच भट्टी. वेगळी कशाला पेटवायची?" तिला वाटलं म्हातारी गंमत करतेय. म्हातारी गंमत करत नव्हती. म्हातारीच्या नाकात तीस-पस्तीस वर्षांपूर्वीची कॉफी पुन्हा शिरली होती.

नव्वदच्या आगेमागेची आखाजी, म्हणजे आमची अक्षय्य तृतीया. माझं माहेर धुळ्याचं, सासर जळगावचं. त्यामुळे घरात माझं नाव 'धुळेवाली'. खानदेशात आखाजीला लेकी माहेरी येतात, जावई जेवायला येतो आणि ताटात खापरावरचे मांडे अन् आमरस पडतो. मांडा म्हणजे काय ते आधी समजून घ्या. पुरण भरलेली पोळी लाटायची नाही. दोन्ही हातांवर नाचवत, कोपरापर्यंत ताणत रुमालाएवढी करायची आणि चुलीवरच्या पालथ्या खापरावर अलगद पांघरायची. आमच्या थोरल्या जाऊबाई, म्हणजे मोठ्या ताई, मांडा टाकायच्या तेव्हा शेजारणी भिंतीवरून माना काढून बघायच्या.

मीही त्याच्या आदल्या आखाजीला एक टाकला होता. तो माझ्या हातातून सुटला आणि शेजारून चाललेल्या सासऱ्यांच्या, आबांच्या, खांद्यावर उपरण्यासारखा जाऊन बसला. गरम पुरणासकट!

त्या दिवशी सासूबाईंनी, म्हणजे अक्कांनी, मला खापराजवळून कायमचं उठवलं आणि नवं खातं दिलं : कूलर भरणे. सकाळ-संध्याकाळ विहिरीवरून बादल्या आणायच्या आणि बैठकीच्या खिडकीतल्या त्या लोखंडी राक्षसाच्या पोटात ओतायच्या. मोठ्या ताई चुलीच्या राणी, मी कूलरची भिस्ती! मला ते इतकं लागलं होतं, की यंदाच्या आखाजीला काहीतरी करून अक्कांकडून 'ये, बस खापराजवळ' एवढं वदवून घ्यायचंच, असा मी पणच केला होता.

आणि संधी चालून आली जावयाच्या तोंडून!

आमची धाकटी नणंद शोभाताई धुळ्यात दिलेली. तिचे यजमान विलासराव सूतगिरणीत इंजिनिअर. गिरणीने त्यांना यंत्रं शिकायला दोन आठवडे इटलीला काय पाठवलं, परत आल्यापासून त्यांच्या तोंडी दुसरा देशच नाही. वांग्याचं भरीत खाताना, "इटलीत वांगी गुळगुळीत असतात." एस. टी. पंक्चर झाली की, "इटलीत रस्ते असे नसतात." आखाजीच्या दोन दिवस आधी ते शोभाताईंना सोडायला आले आणि ओसरीवर चहा पिताना म्हणाले, "आपल्याकडे गोड म्हणजे नुसता मारा! तिकडे तिरामिसू असतं, तिरामिसू. एका घासाचं. पण काय चव! अहाहा!"

"कसं असतं हो ते?" मी दारामागून विचारलं.

विलासरावांनी कपातल्या चहाकडे बघत सांगितलं, "म्हणजे... खाली कॉफीत भिजलेलं बिस्कीट. मध्ये पांढरं, मऊ, आपल्या चक्क्यासारखं. वर काळपट भुकटी. आणि एकदम गार! जरा... हे पण असतं त्यात."

"हे म्हणजे?"

"नशेचं." (आबा माळकरी. ते नेमके तेव्हाच खोकले.)

"त्यात काय एवढं! आखाजीला मीच करते," मी म्हणून गेले. आत पाट्यावर चटणी वाटणाऱ्या मोठ्या ताईंचा वरवंटा जागच्या जागी थांबला. "धुळेवाले," त्या आतूनच म्हणाल्या, "आधी चहा तरी एका रंगाचा कर!"

झालं. आता माघार नव्हती.

कॉफी आणायला मी नाक्यावरच्या मारवाडी शेठजींच्या दुकानात गेले. त्या काळी आमच्याकडे कॉफी म्हणजे जवळजवळ औषध. शेठजींनी काळजीने विचारलं, "भाभीजी, घर में किसकी तबियत खराब है?" मी म्हटलं, "इटलीचं गोड करायचंय." त्यांनी पुडी दिली आणि हळूच विचारलं, "फिर तो डॉक्टर का नंबर भी दे दूँ?" आइस्क्रीमवाल्याकडून चॉकलेटची भुकटी मिळवली. चक्का आबांच्या धुतलेल्या पंच्यात रात्रभर टांगला. बिस्किटांच्या जागी बेकरीतले टोस्ट कुटले आणि कॉफीत भिजवले. नशेच्या जागी अख्खं जायफळ किसून घातलं. (एका जायफळात आमचे आबा दुपारी चारपर्यंत उठत नसत. नशा म्हणजे आणखी वेगळं काय असतं?)

आखाजीच्या सकाळी मी टोस्ट, चक्का आणि पिठीसाखर मळून गोळे वळले आणि भुकटीत लोळवले. विलासराव म्हणाले होते ना 'वर भुकटी', म्हणून चॉकलेटची उरलेली सगळी पुडी गोळ्यांवर उपडी केली. परातीत दिसेनात गोळे! दिसत होती ती नुसती नांगरलेली काळी जमीन.

अक्का डोकावल्या. "हाई काय शे वं?"

"इटलीचं, अक्का. एका घासाचं असतं."

"जवाईले एकच घास?" अक्कांचा आवाज चढला. "काय दुष्काळ पडना का आपला घरमा?"

"अक्का, ते फक्त गार करायला फ्रिजमध्ये..."

"फ्रिजमा रस शे!" विषय संपला. आमचा फ्रिज बैठकीत असायचा, अंगात विणलेला झब्बा घालून, घरातल्या ज्येष्ठ माणसासारखा. त्यात आमरसाचं मोठं पातेलं बसलं की मुंगीलाही जागा उरत नसे. आणि आमरसाशेजारी 'नशेचं' काही ठेवायला अक्का या जन्मात राजी झाल्या नसत्या.

इकडे गोळे घामाघूम! माझ्या डोळ्यांदेखत बसायला लागले, पसरायला लागले. लाईट सकाळपासून गेलेली. मी हताश होऊन बाहेरच्या ओट्यावर आले, आणि समोर माझं खातं उभं! कूलर! वाळ्याच्या ओल्या ताट्या, पोटात मी पहाटेच भरलेलं गारेगार पाणी. घरात त्याच्याइतकी थंड जागा दुसरी नव्हतीच. मी बाहेरच्या बाजूची ताटी काढली, पाण्यात दोन विटा ठेवल्या, मध्ये येणारी पंपाची नळी जरा बाजूला वाकवली आणि परात पंख्यामागे विटांवर बसवली. ताटी लावून टाकली. लाईट नाही म्हणजे कूलर बंद. कूलर बंद म्हणजे तो फक्त एक थंडगार कपाट! स्वतःच्या हुशारीवर मी इतकी खूश झाले, की बटण चालूच आहे हे बघायचं मला सुचलंसुद्धा नाही.

साडेबाराच्या उन्हात विलासराव आले. पांढरा शुभ्र सफारी, पांढरे बूट. आमच्याकडे मानाची जागा एकच, कूलरसमोरची. मग कूलर चालू असो वा नसो. आबा म्हणाले, "या, जावईबापू, बसा." विलासराव बसले. शेजारी आबा, पांढरी टोपी. पलीकडे आमचे हे, नवा पांढरा सदरा. पांढऱ्या कबुतरांची ओळच्या ओळ!

"इटलीत लाईट जात नाही," विलासराव रुमालाने वारा घेत म्हणाले.

आणि लाईट आली!

"आली! आली!" सगळे ओरडले. (आम्ही आजही ओरडतो.) कूलर घरघरला. आधी त्यातून एक सुस्कारा आला, आणि मग, देवा रे, काळाकुट्ट ढग! भुकटी, सगळी पुडी, फर्रकन बैठकीत!

"वावटळ आली! खिडक्या लावा!" आबांनी टोपी दाबून धरली.

"आबा, खिडकीतच कूलर आहे!" आमचे हे ओरडले.

"मग कूलर लावून घ्या!"

तेवढ्यात वाकवलेल्या नळीतून पाण्याची धार सुरू झाली ती थेट परातीत. परात कलंडली. गोळे टाकीत, टाकीतून पंपात, पंपातून ताट्यांवर! वाळ्याच्या ताट्यांमधून चक्का-कॉफीचे ओघळ, आणि पंखा त्याचे बारीक तुषार करून जावयावर शिंपडतोय, एखाद्या लग्नात गुलाबपाणी शिंपडावं तसा. घरभर असा वास सुटला, की भिंतीपलीकडून शेजारीण ओरडली, "कोण आजारी आहे वो?"

मी पदराने पंखा झाकायला धावले. पंख्याने पदर ओढून घेतला. मी पदर ओढतेय, पंखा मला ओढतोय! शेवटी ह्यांनी बटण बंद केलं.

आबांची टोपी काळी. ह्यांच्या सदऱ्यावर ठिपक्यांची रांगोळी. आणि विलासराव... पांढरा सफारी अंगात घालून कोणीतरी कोळशाच्या वखारीत लोळून यावं तसे उभे! शोभाताईंच्या डोळ्यांत पाणी. लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला जावई रुसून गेला, तर तो रुसवा काढायला सासरच्यांना धुळ्याच्या दहा चकरा माराव्या लागतात. दारात अक्का, त्यांच्या मागे हातात मांडा ताणून धरलेल्या मोठ्या ताई. सगळ्यांचं लक्ष जावयाच्या ओठांकडे.

आणि पहिले बोलले ते आबा. जीभ बाहेर काढून, मिशी चाटून म्हणाले, "यंदाची धूळ गोड आहे!"

विलासरावांनीही नकळत ओठ चाटले. डोळे मिटले. आणि म्हणाले, "हीच! अगदी हीच चव! इटलीत हेच खाल्लं होतं मी!"

"कधी खाल्लं?" शोभाताई एकदम डोळे पुसून उभ्या राहिल्या. "सगळे दिवस तिकडे माझ्या दशम्या अन् शेंगदाण्याच्या चटणीवर काढले ना? महाग म्हणून दुकानाच्या काचेतून बघून आलात असं मला सांगितलंत!"

विलासराव बसले. गप्पकन, त्या ओल्या खुर्चीवर. आता रुसणार कुठल्या तोंडाने? आबांना पहिल्यांदा हसू फुटलं, मग ह्यांना, मग खुद्द जावयांना, आणि मग घर असं हसलं की कूलरच्या ताटीवरचा शेवटचा गोळा टपकन खाली पडला. मी मनात हिशेब मांडला : ज्याने कधी खाल्लं नाही त्याने सांगितलेलं, जिने कधी पाहिलं नाही तिने केलेलं, आणि ज्याला तोंड नाही त्याने वाढलेलं!

अक्का मात्र हसल्या नाहीत. त्या माझ्याकडे आल्या. मी मान खाली घातली.

"आते तू कूलरले हात लावू नको," त्या म्हणाल्या. "कूलर मोठी भरी. तू खापरजोडे बस. फाटेल मांडा निदान पाव्हनाना आंगवर तं उडत नई!"

आबांनी हळूच आपल्या खांद्यावरून हात फिरवला.

कूलर मोठ्या ताई भरणार, खापराजवळ मी बसणार. म्हणजे मिळालं! वर्षभर ज्यासाठी झुरले ते मिळालं! मी नाचतच परसात गेले, खापरासमोर बसले आणि मग माझ्या लक्षात आलं, की वैशाखातली दुपार आहे, डोक्यावर पत्रा आहे आणि पुढ्यात धडधडती चूल. आत कूलर धुऊन पुन्हा चालू झाला होता आणि त्याच्यासमोर पाय पसरून मोठ्या ताई बसल्या होत्या.

"धुळेवाले," त्यांचा तृप्त आवाज आला, "काय सुंदर हवा येतेय गं! कॉफीची!"

माझा पहिला मांडा फाटला. दुसराही फाटला. तिसऱ्याचं काय झालं ते विचारू नका. मग मी सगळी लक्तरं गोळा केली, त्यांचे छोटे छोटे गोळे वळले, वर तूप सोडलं आणि ताटली आत पाठवून दिली : "इटलीचे दुसरे आलेत!"

आतून विलासरावांचा आवाज आला, "व्वा! आता मात्र अगदी तीच चव!"

मांडे मला आजही येत नाहीत. पण अख्ख्या मांड्याचा एकेक घास करण्यात माझा हात धरणारं कोणी खानदेशात नाही!