निळ्या खडूची रेघ

निकासिओ बेहारानोच्या हातून एकोणीस वर्षांत एकाही गाडीला ओरखडा लागलेला नव्हता. सेव्हिलच्या उत्तरेकडच्या त्या वस्तीत मंडईमागचं मैदान त्याच्या देखरेखीखाली होतं. ते त्याला कुणी रीतसर दिलं नव्हतं आणि कुणी काढूनही घेतलं नव्हतं.

मैदानात साठ गाड्यांची जागा आणि नव्वद गाड्या. म्हणून तिथे सगळे करतात तेच हेही लोक करत. रांगेतल्या गाड्यांच्या पाठीशी दुसरी रांग आडवी लावायची, गाडी गिअरमधून काढायची, हातब्रेक मोकळा सोडायचा आणि खुशाल मंडईत जायचं. आतल्याला निघायचं झालं तर त्याने आडवी गाडी हाताने सरकवावी आणि जावं. हे सरकवायचं काम निकासिओ करी. डबे बनवण्याचा कारखाना बंद पडेपर्यंत तो तिथल्या गोदामात होता. ‘माल जिथे ठेवलास तिथे खूण कर’ हा गोदामातला नियम त्याने मैदानात आणला. गाडी लागली की पुढच्या चाकाशी शिंपीकामाच्या निळ्या खडूची एक रेघ, आणि आडव्या गाडीच्या चाकाखाली लाकडाची पाचर. मैदान दिसायला सपाट, पण मंडईकडे त्याला बेताचा उतार होता. तो उतार डोळ्यांना दिसत नसे, निकासिओच्या पोटऱ्यांना कळे.

जानेवारीतल्या त्या गुरुवारी साडेदहाला तो नेहमीसारखा टोमॅटो आणि ऑलिव्ह तेल लावलेला पाव खायला कोपऱ्यावर गेला. अर्ध्या तासाने परत आला, तर माणसं जमलेली. विर्तुदेसबाईंची जुनी पांढरी गाडी आपोआप घरंगळून औषधवाल्या लेआंद्रोच्या नव्या गाडीवर आदळली होती. मागचा दिवा फुटला होता, कोपरा चेपला होता.

लेआंद्रो उत्तरेकडून बुर्गोसहून येऊन तीन महिने झाले होते. थंड गावचा माणूस, पण त्या दिवशी चांगलाच तापला होता.

“हाच ढकलत असतो गाड्या!” तो म्हणाला. “ना परवाना, ना विमा. आता भरून कोण देणार? संध्याकाळी रहिवासी मंडळाची बैठक आहे ना, तिथेच विषय काढतो. इथे फाटक बसवा आणि याला घरी पाठवा.”

“साहेब, मी इथे नव्हतो,” निकासिओ म्हणाला.

“हेच तर म्हणतोय मी! राखायला बसतोस आणि जागेवर नसतोस.”

नव्हता, हे खरंच होतं. निकासिओने टोपी काढली, पुन्हा घातली.

विर्तुदेसबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. निम्म्या वस्तीची बाळंतपणं त्यांनी केलेली, निकासिओच्या दोन्ही मुलींचीसुद्धा. त्यांनी त्याला दंडाला धरून बाजूला नेलं.

“ऐक, पोरा. मी लिहून देते की पाचर मीच काढली. म्हातारी आहे, विसरले. माझा विमा आहे, तो भरेल.”

“आणि तुमची लेक?”

“ती काय, गाडीची किल्ली काढून घेईल. तिला निमित्तच हवंय.”

“मग नाही,” निकासिओ म्हणाला. “जी चूक तुमची नाही ती तुमच्या नावावर कशाला?”

“अरे, तुझी जागा जाईल, माझ्या जिवा!”

“जाऊ दे. पण खोट्यावर राहिली तर ती माझी राहील का?”

बाईंच्या विमा कंपनीची तपासनीस ओब्दुलिया जवळच्याच गॅरेजात दुसरी गाडी बघायला आली होती. फोन गेल्यावर ती अर्ध्या तासात पोचली. पन्नाशीची बाई, चष्मा दोरीला अडकवलेला. आपली गाडी तिने आडव्या रांगेत लावली आणि हातब्रेक करकचून ओढला.

“सतरा वर्षं हेच काम करतेय,” निकासिओच्या चेहऱ्याकडे बघून ती म्हणाली. “ब्रेक मोकळा सोडून मी कुठेच उतरत नाही. राग मानू नका.”

तिने दोन्ही पक्षांनी मिळून भरायचा जबाबाचा कागद काढला. एका गाडीचा रकाना निळा, दुसरीचा पिवळा, मध्ये चित्राची जागा. “एकदा दोघांच्या सह्या झाल्या की एकट्याला शब्द फिरवता येत नाही. तेव्हा आधी नीट बघू. गाडीत माणूस नसताना ती हलली, तर मी एकच विचारते. तिला शेवटचा हात कुणाचा लागला?”

“याचा!” लेआंद्रो म्हणाला.

“माझा हात दहाला लागला,” निकासिओ म्हणाला. “तो कुठे लागला ते दाखवतो. या बाई.”

तो गुडघ्यांवर बसला. विर्तुदेसबाईंच्या गाडीची निळी रेघ तिच्या चाकापासून चार पावलं खाली, उताराकडे राहिली होती. मग चाकापासून सहा पावलं वर, चढाकडे जाऊन तो थांबला. जमिनीवर एक कडू संत्रं चिरडून चिकटलं होतं, साल ताजी होती. कडेच्या झाडांची संत्री या दिवसांत सगळीकडे पडत, पण हे चाकाखाली बसलेलं होतं. त्याचा गर बाईंच्या गाडीच्या चाकालाही लागला होता.

“गाडी माझ्या रेघेवरून इथे वर कुणीतरी ढकलली. पाचर परत लावली नाही. या संत्र्याने थोडा वेळ धरून ठेवली. संत्रं फुटलं आणि गाडी निघाली खाली.”

“पण ढकलली कुणी?” ओब्दुलियाने विचारलं.

सगळ्यांदेखत एखाद्याला उघडं पाडणं निकासिओच्या स्वभावात नव्हतं. तो लेआंद्रोच्या गाडीपाशी गेला आणि पुढच्या चाकासमोर नुसतं बोट दाखवलं. सकाळची निळी रेघ चाकाच्या दोन वीत पुढे होती. म्हणजे गाडी मध्येच बाहेर जाऊन आली होती, आणि परत लावताना पुरती आत गेली नव्हती. शेपूट बाहेर राहिलं, तेच चेपलं.

ओब्दुलियाने चष्मा काढला. “साहेब, मधे कुठे गेला होतात?”

लेआंद्रोचा चेहरा उतरला.

“एका आजोबांना इन्सुलिन पोचवायचं होतं,” तो म्हणाला. “घाईत होतो. सगळे ढकलतात तशी ढकलली. ते लाकूड मी भिंतीवर ठेवलं… परत लावायचं असतं हे मला कुणी सांगितलंच नाही.”

“आमच्याकडचं निम्मंच शिकलात,” विर्तुदेसबाई म्हणाल्या. “ढकलायचं शिकलात, परत बसवायचं राहिलं. बुर्गोसला बाळ जन्मलं की नाळ तशीच ठेवतात का हो?”

लोक हसले. लेआंद्रोलाही कसंनुसं हसू आलं. माणूस वाईट नव्हता. पिवळ्या रकान्यात ‘पांढरी गाडी मीच हलवली’ असं त्याने स्वतः लिहिलं, चित्रात संत्रंही काढलं आणि सही केली. मग निकासिओसमोर उभा राहून म्हणाला, “संध्याकाळी बैठकीला या. विषय मी काढणारच आहे, पण वेगळा.”

“येईन. तुमची गाडी आधी दोन वीत आत घ्या,” निकासिओ म्हणाला.

कागदाच्या वरच्या बाजूला साक्षीदाराची चौकट असते. एकोणीस वर्षांत त्या मैदानावर असे कागद पुष्कळ भरले गेले, पण त्या चौकटीसाठी निकासिओला कुणी नाव विचारलं नव्हतं. ओब्दुलियाने पेन टेकवलं.

“पूर्ण नाव?”

“निकासिओ बेहारानो.” मग जरा ताठ होऊन, “बेहारानो मोरियाना. आईचं आडनावही लिहा.”

“लिहिलं. आणि ही खडूची रेघ तुमच्या जबाबातच घेते. मोजमाप घ्यायला मला इथे काही उरलेलंच नाही.”

कागद पिशवीत घालून ती आपल्या गाडीशी गेली. निघेल असं वाटलं, पण ती वाकून आत काहीतरी करून परत बाहेर आली.

“आलेच आहे तर मंडईतून मासळी घेऊन जाते,” ती म्हणाली. “ब्रेक मोकळा आहे. गरज लागली तर ढकला.”

निकासिओने भिंतीवरची पाचर उचलली आणि तिच्या चाकाखाली बसवली. खडू झिजून नखाएवढा उरला होता. त्याने दुसरा, कोरा खडू काढला आणि सावकाश, जरा लांबच रेघ ओढली.