बाबांनी सांगितलेली चोरी

मी जो काही झालो तो बर्वे मास्तरांमुळे. आमच्या घरात माझ्याआधी कोणी शाळेची पायरी चढले नव्हते. मास्तरांनी वडिलांची समजूत घातली, मला रत्नागिरीत आपल्या घरी ठेवून घेतले, म्हणून मी पदवीधर झालो आणि पुढे फौजदार. नोकरीत गुन्हे पुष्कळ पाहिले, पण मांडवीतली पादुकांची चोरी अजून मनातून गेलेली नाही.

तिथे एका घरी दर गुरुवारी बाबांचे भक्त जमत. बाबा म्हणजे त्याच घरात राहिलेले एक साधुपुरुष; ते नुकतेच वारले होते. पण मंडळींतल्या एका विधवा बाईच्या अंगात येऊन ते बोलतात, अशी सर्वांची श्रद्धा. देव्हाऱ्यातल्या बाबांच्या चांदीच्या पादुका नाहीशा झाल्या, तेव्हा बाबांनाच विचारले गेले. उत्तर आले, "धाकटीनं घेतल्या." धाकटी म्हणजे त्या घरची नवी सून, नवरा मुंबईला गिरणीत. थोरल्या दिराने ठाण्यावर येऊन फिर्याद दिली. गुन्हा शाबीत झाला असता तर तिला त्या घराचे दार बंद झाले असते, आणि माहेरी कोणी उरले नव्हते.

जबाब घ्यायला बसलो, तर धाकटीने लगेच कबुली दिली.

"पादुका कुठे ठेवल्यास?"

"ते आठवत नाय, साहेब."

"मग घेतल्यास हे कशावरून?"

"बाबा म्हणाले ना. म्हणजे घेतल्या असतील मी."

हवालदार हसले. "चोरीची बातमी चोराला दुसऱ्यानं द्यायची, असा गुन्हा पहिलाच, साहेब." मला हसू आले नाही. मॅजिस्ट्रेटपुढेही ती हेच बोलली असती.

शेजाऱ्यांचे जबाब घेतले. प्रत्येकजण बाबांचे उत्तर सांगे. प्रश्न काय होता ते कोणी सांगेना. आमच्याकडे देवाला काही विचारायचे तर आधी एकजण गाऱ्हाणे घालतो आणि बाकीचे 'व्हय म्हाराजा' म्हणतात. ते कोणी घातले, असे विचारत गेलो. एक म्हातारे भजनी म्हणाले, "थोरल्या सुनेनं. 'म्हाराजा, परका पाय घरात आला नाय, नवा हात तेवढा आला हाय. खरं काय ते सांग.'"

पुढच्या गुरुवारी गणवेश न घालता, दोन पंच बरोबर घेऊन गेलो. दिराची परवानगी काढून गाऱ्हाणे मीच घातले. "बा म्हाराजा, चोरानं भिऊन पादुका मागल्या विहिरीत टाकल्या असतील, तर सांग."

"व्हय म्हाराजा."

बाई घुमू लागली. "पाण्यात हाय मी. काढा मला."

सगळी मंडळी दोर-घागरी घेऊन विहिरीकडे धावली. थोरली तेवढी भाताच्या कणगीला पाठ लावून बसून राहिली.

"वहिनी, तुम्ही नाही येत?"

तिने पाठ कणगीला आणखीच टेकवली. पंचांसमक्ष कणगी उपसली. पादुका भाताखाली होत्या.

"या घरात आल्यापासून बाबांचे पाय मी धुतले," ती शेवटी म्हणाली. "जाताना घोटभर पाणी मागितलं, ते धाकटीच्या हातचं. माझ्या हातात तांब्या होता, साहेब."

घुमणारी बाई लबाड नव्हती. गाऱ्हाण्यात जे घालावे तेच तिच्या तोंडून परत येई. मत्सराला फार खोटे बोलावे लागत नाही, हे मी तेव्हा शिकलो. प्रश्न हवा तसा घातला, की पुढचे काम भोळी माणसे करतात. दिराने फिर्याद मागे घेतली, आणि मी मास्तरांना पत्र लिहिले:

"ती. मास्तरांस शिरसाष्टांग नमस्कार. प्रश्न विचारताना आपण उत्तर येणाऱ्या मुलाकडे कधी पाहत नसा, मान खाली घालून बसलेल्याकडे पाहत असा, ते या प्रकरणात फार उपयोगी पडले. आज ती धाकटी ठाण्यावर आली होती. तिला वाटले आभार मानावेत, मला वाटले ती सुटली. जाताना म्हणाली, 'पण बाबा खोटं बोलणार नायत, साहेब. घ्याव्या असं कधीतरी माझ्या मनात आलं असंल.' तिला काय सांगावे, ते कृपा करून कळवावे."