आठाच्या आकड्यातला सलाम

माझ्या नम्रतेमुळे माझ्या बायकोची नोकरी जायची वेळ आली होती.

एस्तेर शिक्षिका आहे. तिची शाळा कालव्याच्या पलीकडे, आणि तिकडे एसटी फिरकत नाही. म्हणून रोज सकाळी मोटरसायकलवरून तिला शाळेत सोडायचं आणि मी पुढे दूध संघाच्या ऑफिसात जायचं, अशी आमची पद्धत. यात उशीर व्हायला काही कारण नाही. पण लहानपणी सायकल घेऊन देताना वडील मला म्हणाले होते, "वडीलधारं माणूस दिसलं आणि तू सीटवरून उतरला नाहीस, तर चाकं दोन आणि अक्कल शून्य!" मोटरसायकलवरून बायकोसकट उतरणं अवघड. म्हणून मी तडजोड काढली. गाडी थांबवायची, पाय टेकायचा आणि मग सलाम करायचा. (आम्ही ख्रिस्ती मंडळी सलाम म्हणतो. समोरच्यानं रामराम म्हटला तर मी तोही करतो. म्हणजे दुप्पट वेळ!) आणि आमच्या रस्त्याला वडीलधाऱ्यांचं पीक उसापेक्षा दाट.

एक दिवस एस्तेर शाळेतून आली ती पर्स खाटेवर आपटतच.

"मोठ्या बाईंनी आज शेवटची ताकीद दिली. म्हणाल्या, मुलं वेळेवर येतात, बाईच तेवढ्या येत नाहीत! आता उशीर झाला तर वर कळवणार."

"अगं, पण दगडूतात्यांना ओलांडून कसं जायचं? ते माझ्या वडिलांच्या वयाचे..."

"दगडूतात्या, मग त्यांचा भाऊ, मग त्यांचा व्याही! तुमच्या सलामांनी माझं मस्टर लाल झालंय. मी स्वतः गाडी शिकणार. क्लास लावते."

"क्लास कशाला? मी आहे ना!"

(या एका वाक्यानं आजवर आमचा मिक्सर, पाण्याची मोटर आणि मेहुण्याचं ठरत आलेलं लग्न बिघडलेलं आहे.)

लर्निंग लायसन्सचा अर्ज भरायला आम्ही बाजारातल्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेलो. तिला धीर यावा म्हणून मी माझं लायसन्स खिशातून काढलं. "हे बघ. असं दिसतं. घाबरायचं नाही."

तिनं ते उलटसुलट करून पाहिलं. "अहो, याची मुदत संपलीय."

"कधी?"

"तुमचे केस होते तेव्हा."

दुकानदारानं तारीख पाहिली, मला पाहिलं आणि हळहळला. "काका, लई जुनं झालं हो हे. आता तुमाला पन परत परीक्षा द्यावी लागंल."

मी हादरलो. इतकी वर्षं मी कायदा मोडत सगळ्या गावाला सलाम करत हिंडत होतो! त्या क्षणापासून गाडीवर बसायचं नाही, असं मी ठरवलं आणि गाडी ढकलत घरी निघालो. एस्तेर चार पावलं पुढे, आमची ओळख नसल्यासारखी. वाटेत दगडूतात्या म्हैस घेऊन उभे.

"काय भाऊसाहेब, पेट्रोल संपलं व्हय?"

"नाही तात्या. लायसन्स!"

तेव्हापासून एस्तेर दुधाच्या टेम्पोत बसून शाळेत जाऊ लागली आणि वेळेवर पोचू लागली. (हे मला फार लागलं.) पण दिवाळीनंतर टेम्पोचा रस्ता बदलणार होता. त्याच्या आत तिचं लायसन्स हातात हवं होतं, नाहीतर पुन्हा मी, माझे सलाम आणि लाल मस्टर!

सराव रस्त्यावर करायचा नाही, बंद आवारातच करायचा, हा माझा आग्रह. पाळकसाहेबांना विचारून मी चर्चच्या आवारात चुन्याच्या फक्कीनं, परीक्षेत गाडी फिरवावी लागते तसा, आठाचा आकडा आखला. हात जरा सैल सुटला आणि आठ फाटकापासून थेट चर्चच्या पायरीपर्यंत गेला. तो शनिवार होता, हे माझ्या ध्यानात राहिलं नाही.

रविवारी सकाळी मंडळी उपासनेला आली. आवार सजवलंय, तेव्हा रेषेवरूनच चालायचं असणार, असं सगळ्यांना वाटलं. पुढच्यामागून मागचा, अशी अख्खी मंडळी आठात फिरू लागली. म्हाताऱ्या सारूबाई मधल्या फुलीवर चुकल्या आणि पहिल्याच गोलात फिरत राहिल्या.

"आरं, देवाच्या दारी जायाला ह्यो येवढा वळसा कुनी घातला रं?"

त्या दिवशी पाळकसाहेबांनी वाकड्या वाटांवर उपदेश केला आणि दर दोन वाक्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घालून सगळं कबूल केलं.

तरी सराव चालू राहिला. मी ओरडायचो, "क्लच! क्लच सोड! नको सोडूस!" एस्तेर गाडी थांबवून शांतपणे विचारायची, "दोन्हीतलं नक्की काय?" मग तिनं मला पायरीवर बसवलं आणि स्वतःच शिकली. माझी अडचण निराळीच होती. आठ मला सुरेख जमायचा, पण कुणी ना कुणी आवारात यायचंच, आणि माझा पाय आपोआप खाली जायचा.

"पाय टेकला की नापास," एस्तेरनं बजावलं. "तिथं देवदूत जरी उतरला तरी बघायचं नाही!"

परीक्षेच्या दिवशी धीर द्यायला पाळकसाहेबही नगरला आले. पहिली पाळी एस्तेरची. वळणावर उभ्या पाळकसाहेबांनी हात उंचावला, पण ती सरळ समोर बघत निघून गेली. (मनात आलं, केवढी ही उद्धट बाई!) परीक्षा घेणारे साहेब म्हणाले, "छान. पास!"

माझी पाळी आली तेव्हा एस्तेर पाळकसाहेबांच्या कानात काहीतरी कुजबुजली आणि ते बिचारे चटकन लिंबाच्या झाडाआड गेले. मैदान मोकळं! पहिला गोल झाला. दुसरा गोल झाला. पाय जागच्या जागी. रेषा हातभर उरली. वडिलांना हे पाहायला मिळायला हवं होतं, असा विचार करत मी मान वर केली.

समोर परीक्षा घेणारे साहेब. पांढरे केस, निवृत्तीला टेकलेले, आणि मला बाहेर यायची खूण करायला त्यांनी हात वर केलेला.

मी गाडी थांबवली, पाय टेकला आणि म्हणालो, "सलाम, साहेब!"

झाडामागून पाळकसाहेबांचा "अरेरे!" ऐकू आला. एस्तेरनं पदरानं तोंड झाकलं. साहेब माझ्या पायाकडे बघत राहिले.

"अहो, सलाम घ्यायला मी कुठं पळून चाललो होतो? रेषेच्या अलीकडं कशाला केला?"

"साहेब, तुम्ही दिसलात..."

"माणूस चांगला आहात," ते म्हणाले. "पण नापास."

आता एस्तेर गाडी चालवते आणि मी मागे डबा धरून बसतो. ती शाळेत वेळेच्या आधी पोचते. मोठ्या बाईंनी तिचं कौतुकही केलं. माझे सलाम मात्र मी सोडलेले नाहीत. फक्त ती थांबत नाही, त्यामुळे दगडूतात्यांसाठी उचललेला हात वर जाईपर्यंत तात्या मागे पडतात, आणि सलाम त्यांच्या पुढं चालणाऱ्या म्हशीला जातो.

म्हैस रोज मान हलवते. बहुतेक तिलाही माझ्या नापास होण्याचं वाईट वाटत असावं.