तेवीस चिठ्ठ्या

खुर्ची हॉलच्या मधोमध होती. मला तिच्यावर बसवलं होतं. भोवती तेवीस माणसं, प्रत्येकाच्या हातात पेन आणि एक कोरी चिठ्ठी.

"कुणी बोलायचं नाही. काकांचा चेहरा बघा, भावना ओळखा, लिहा. दोन मिनिटं," ट्रेनर म्हणाला आणि त्यानं मोबाईलवर वेळ लावली.

मी फक्त टॉवेल द्यायला गेलो होतो. मुळशी धरणाच्या काठावर एक रिसॉर्ट आहे. तिथं चादरी-टॉवेलचं स्टोअर मी सांभाळतो. एकोणीस वर्षं. एक नॅपकिन कमी भरला तरी मला जेवण जात नाही. ती माणसं पुण्यातल्या कुठल्याशा कंपनीची. माणसाच्या भावना कशा समजून घ्यायच्या, हे शिकायला दोन दिवस आली होती.

एकशेवीस सेकंद. मी मनात मोजले.

ट्रेनरनं चिठ्ठ्या वाचल्या. सतरा जणांनी लिहिलं होतं 'समाधान'. चौघांनी 'शांत'. एकानं 'झोप आलीय'. त्यावर हॉल हसला. मीही हसलो. एक चिठ्ठी कोरीच होती. ती त्यानं बाजूला टाकली.

"बघा, गावाकडच्या माणसाच्या भावना सरळ असतात. आपल्यासारखा गुंता नसतो. बरोबर ना, काका?"

"व्हय, सर."

टाळ्या. मला एक चॉकलेट मिळालं.

माझ्या डोक्यावर रिसॉर्टची टोपी होती. टोपीखाली केस नव्हते. आईला जाऊन चौदा दिवस झाले होते, दहाव्याला डोकं केलं होतं. त्या सकाळी मॅनेजरनंच टोपी हातात दिली होती. "काका, डोकं झाका. लोक इथं सुट्टीला येतात. मूड जातो त्यांचा."

हॉल रिकामा झाल्यावर चिठ्ठ्या केरात होत्या. मी उचलल्या. तेवीस भरल्या.

टाळ्या विसरता येतात. 'व्हय, सर' विसरता येत नाही. ते इतकं पटकन कसं आलं माझ्या तोंडून?

आई धरणाकाठच्या बंगल्यांवर भांडी घासायची. मला सोबत न्यायची. फाटकाशी थांबून पदरानं माझं तोंड पुसायची. "दुसऱ्याच्या दारात पडलेलं तोंड न्यायचं न्हाई." माझी धाकटी बहीण तापानं गेली, त्या आठवड्यातही आईनं असंच पुसलं. आधी माझं. मग स्वतःचं.

ती सवय तिनं शेवटपर्यंत सोडली नाही. शेवटचे सात महिने मी रोज दोनदा विचारायचो, कामावर जाताना आणि आल्यावर. "आये, बरी हायस न्हवं?"

"बरी हाय रं."

मी चेहरा बघायचो, खरं मानायचो, पुढं जायचो. पौडच्या डॉक्टरांनी तिच्या पोटाला हात लावला आणि माझ्याकडं बघितलं. "दुखणं जुनं आहे. बोलल्या नाहीत कधी?"

सात महिने, दिवसाला दोन. चारशेच्या वर चिठ्ठ्या मी तिच्यावर लिहिल्या. सगळ्यांवर एकच शब्द. आणि मीही उत्तर सांगूनच विचारत होतो.

अजूनही घराचं दार लोटलं की आतून आवाज येतो. बरी हाय रं. मी उंबऱ्यावर थांबतो. आत कुणी नसतं.

तीन आठवड्यांनी तोच ट्रेनर आला. माणसं नवी. मी टॉवेल घेऊन आत गेलो.

"आले बघा आपले समाधानी काका! बसा, दोनच मिनिटं."

"बसत न्हाई."

"अहो, लाजताय काय!"

टॉवेल टेबलावर ठेवले. टोपी काढली. केस भाताच्या दाण्याएवढे वाढले होते.

"सर, मागल्या टायमाला माझ्या आईला जाऊन चौदा दिवस झालं होतं. तेवीस जणांत एकानं इचारलं न्हाई. तुमी इचारलं, ते उत्तर सांगून इचारलं."

ट्रेनरचा चेहरा उतरला. मला वाटलं, आता हा बोलेल. तो बोलला. पण माझ्याशी नाही.

"पाहिलंत? हा दाबून ठेवलेला राग. लिहून घ्या."

आणि पेनं खरंच कागदावर टेकली.

"लिव्हू नका." एवढा मोठा आवाज माझ्यात आहे हे मला ठाऊक नव्हतं. "पेनं खाली ठेवा. माणूस हितं उभा हाय."

एकेक पेन खाली गेलं. किती, ते मी मोजलं नाही.

संध्याकाळी मॅनेजरनं बोलावलं. "सरांची माफी मागा, टोपी घाला, विषय संपला. नाहीतर उद्यापासून येऊ नका."

टोपी मी धुऊन, इस्त्री करून नेली होती. त्याच्या टेबलावर ठेवली.

"एक नग. जमा करून घ्या. माफी मागनार न्हाई. उद्या येनार हाय. काढायचं तर कारण लिव्हून द्या."

सकाळी साडेसातला फाटकाशी पोचलो. हात सवयीनं रुमालाकडं गेला. रुमाल खिशात तसाच ठेवला. आत शिरलो. उघडं डोकं, जसं होतं तसं तोंड.

ते मी आता कुणाच्याच दारात पुसणार नाही.